डुब्रोव्हनिकला चाकांची बॅग चालते, दहा वर्षांपूर्वीचा पासपोर्ट चालत नाही

शनिवारी सकाळीच लेस्टरहून ताईचा फोन. "अरे, क्रोएशियात चाकांची बॅग ओढत नेली तर 265 युरो दंड आहे म्हणे. मी खांद्याला लावायच्या दोन बॅगा आणल्यात." भावोजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन अजून वर्ष व्हायचंय. सप्टेंबरमध्ये दोघं डुब्रोव्हनिकला चाललेत, आणि आठ दिवसांचं सामान खांद्यावर टाकून हा माणूस तिथल्या पायऱ्या चढणार होता. का, तर "ब्रिटिश पासपोर्टवाल्यांनी क्रोएशियाला जाण्याआधी हे वाचाच" असा एक मेसेज फिरतोय म्हणून.

तो मेसेज मलाही तीन ग्रुपवर आलाय. इतके दिवस सोडून दिलं होतं. आता घरातच आलाय, तर एकदा नीट उत्तर देतो.

बॅगेचं आधी. ही बातमी 2023च्या उन्हाळ्यातली आहे. डुब्रोव्हनिक शहराची 'रिस्पेक्ट द सिटी' नावाची मोहीम आहे. त्यांनी पाहुण्यांसाठी एक छोटा व्हिडिओ काढला होता. जुन्या शहराच्या दगडी गल्ल्यांतून बॅग फरफटत नेऊ नका, उचलून न्या, एवढीच त्यात विनंती होती. ब्रिटनमधल्या वर्तमानपत्रांनी त्याची बंदी केली आणि बंदीला दंडाचा आकडा चिकटवला. अशी कुठलीही बंदी नाही, दंडही नाही, हे डुब्रोव्हनिककडून तेव्हाच सांगण्यात आलं होतं. खुलासा कुणी फॉरवर्ड केला नाही, दंड मात्र अजून फिरतोय.

यात खरं आहे ते एवढंच की तिथल्या लोकांना त्या आवाजाचा त्रास होतो. गल्ल्या अरुंद, दोन्ही बाजूंना दगडी घरं, आणि पहाटेच्या विमानाला निघालेल्या माणसाच्या बॅगेची चाकं फरशीवर खडखडत जातात. तेव्हा रात्री-पहाटे बॅग उचला, हे मला पटतं. शिवाय स्त्रादुन या मुख्य रस्त्यावरून वर तटबंदीकडे जाणाऱ्या गल्ल्या म्हणजे नुसत्या पायऱ्या आहेत, तिथे चाकांचा उपयोगच नाही. म्हणून ताईला सांगितलं, बॅग चाकांचीच ने, पण खोली घेण्याआधी घरमालकाला विचार की दारापर्यंत पायऱ्या किती. भावोजींसाठी लापाद भागात राहून बसने जुन्या शहरात जाणं जास्त बरं.

पण माझा संताप होतो तो मेसेजच्या दुसऱ्या मुद्द्यावर, कारण त्याने लोकांची अख्खी सहल बुडेल. त्यात लिहिलंय: "एक्स्पायरी तीन महिने पुढे असली की झालं. ज्यांच्या जुन्या लाल पासपोर्टवर युरोपियन युनियन छापलंय, त्यांनी तर काहीच बघायला नको." यातलं पहिलं वाक्य अर्धवट आहे आणि दुसरं साफ खोटं.

अटी दोन आहेत आणि दोन्ही वेगवेगळ्या तपासायच्या. एक, शेंगेन भागात, म्हणजे आपसातल्या सीमांवर पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात (क्रोएशियाही त्यात आहे), शिरता त्या दिवशी तुमचा पासपोर्ट दिल्याच्या तारखेला दहा वर्षं झालेली नसावीत. दोन, तिथून बाहेर पडता त्या दिवसापुढे एक्स्पायरीला किमान तीन महिने असावेत. घोळ होतो तो पहिल्या अटीत. सप्टेंबर 2018 पर्यंत ब्रिटनमध्ये पासपोर्ट मुदतीआधी रिन्यू केला की जुन्यावरचे उरलेले महिने, जास्तीत जास्त नऊ, नव्यात मिळवून देत. त्यामुळे दहा वर्षं नऊ महिन्यांचे पासपोर्ट आजही लोकांच्या कपाटात आहेत. दहा वर्षांच्या अटीसाठी शेंगेनवाले ते वरचे महिने धरत नाहीत.

मी ताईला व्हिडिओ कॉल करायला लावला. भावोजींचा लाल पासपोर्ट तिने ओट्यावर उघडून कॅमेऱ्यासमोर धरला. "हे बघ, 3 मार्च 2027. सप्टेंबरपासून सहा महिने आहेत की." म्हटलं, अंगठा जरा बाजूला घे आणि वरची तारीख वाच. वरच्या ओळीत पासपोर्ट दिल्याची तारीख होती: 3 जून 2016. म्हणजे या 3 जूनलाच दहा वर्षं झाली. त्या पासपोर्टवर भावोजींना सप्टेंबरमध्ये चेक-इन काउंटरवरूनच परत पाठवलं असतं. ताईचा पासपोर्ट 2021चा, ती एकटी गेली असती. कागदपत्रांमुळे विमानात घेतलं नाही, तर बहुतेक ट्रॅव्हल इन्शुरन्स एक पेनीही देत नाहीत.

आणि मुखपृष्ठावर 'युरोपियन युनियन' छापलेलं असण्याचा काडीचाही उपयोग नाही. 31 डिसेंबर 2020 ला ब्रेक्झिटचा संक्रमणकाळ संपला, त्या दिवसापासून ब्रिटिश नागरिक युरोपीय संघासाठी बाहेरचेच. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याचं क्रोएशियासाठीचं प्रवास-सल्ल्याचं पान उघडा, प्रवेशाच्या अटींत हे दोन्ही नियम लिहिलेले आहेत. पाच मिनिटांचं वाचन आहे. मेसेज लिहिणाऱ्याने तेवढंही केलेलं नाही.

तिसरा मुद्दा व्हिसाशिवाय राहायच्या नव्वद दिवसांचा. "क्रोएशियाचे 90 दिवस वेगळे, स्पेन-फ्रान्सचे वेगळे." हे एके काळी खरं होतं, ते मान्य करतो. क्रोएशिया 2013 मध्ये युरोपीय संघात आला तरी शेंगेनमध्ये नव्हता. 1 जानेवारी 2023 पासून आहे. आता कुठल्याही 180 दिवसांत सगळ्या शेंगेन देशांत मिळून 90 दिवस. रिटायर झालेली जी मंडळी हिवाळा स्पेनमध्ये काढून मग क्रोएशियाला जातात, त्यांनी दिवस मोजूनच तिकीट काढावं.

याला जोडूनच आणखी एक वाक्य आहे, ते आपल्या लोकांसाठी फार घातक: "यूकेचं कायम वास्तव्य असेल तर भारतीय पासपोर्टवरही चालतं." नाही चालत. आपल्याकडे एकाच घरात नवऱ्याचा पासपोर्ट ब्रिटिश, बायकोचा भारतीय, सासूबाईंचाही भारतीय, असं सर्रास असतं. भारतीय पासपोर्ट असेल तर ब्रिटनमध्ये वीस वर्षं राहिलात तरी क्रोएशियासाठी शेंगेन व्हिसा काढावाच लागतो. ऐन सुट्टीच्या दिवसांत व्हिसाची अपॉइंटमेंट मिळत नाही, तेव्हा आधी हे बघा.

"सीमेवर बोटांचे ठसे देतात, त्याची फी आधी ऑनलाइन भरा." यातला पहिला भाग खरा. 12 ऑक्टोबर 2025 पासून ईईएस ही शेंगेनमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्या बाहेरच्या प्रवाशांची नवी नोंदणी सुरू झाली आहे. फोटो आणि ठसे सीमेवरच घेतात, बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. फी शून्य. आधी काही भरायचं नाही. मेसेजमधल्या लिंकवर कार्डाचा नंबर टाकला असेल, तर आत्ताच्या आत्ता बँकेला फोन करा.

बाकीचं भराभर. "इथूनच कुना घेऊन जा": कुना हे क्रोएशियाचं जुनं चलन, 1 जानेवारी 2023 ला त्याच्या जागी युरो आला. जुन्या नोटा उरल्या असतील तर क्रोएशियाची मध्यवर्ती बँक बदलून देते, नाण्यांची मुदत 2025 बरोबर संपली. "स्प्लिटहून डुब्रोव्हनिकला जाताना बोस्नियाची सीमा दोनदा ओलांडावी लागते": 26 जुलै 2022 ला पेल्येशाट्सचा पूल सुरू झाला, आता क्रोएशियातूनच थेट जाता येतं. बोस्नियातल्या मोस्तारला किंवा मॉन्टेनेग्रोतल्या कोतोरला जाणार असाल तर मात्र ते दुसरे देश आहेत. पासपोर्ट जवळ ठेवा आणि गाडी भाड्याची असेल तर ती सीमेपार न्यायची परवानगी आधीच लेखी घ्या.

"जीएचआयसी कार्ड असलं की इन्शुरन्स नको" हा शेवटचा. हे परदेशातल्या उपचारांसाठीचं कार्ड जरूर काढा, ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा एनएचएस ते फुकट देते, पैसे मागणारी वेबसाइट खोटी समजा. पण ते सरकारी दवाखान्यातल्या गरजेच्या उपचारांपुरतं आहे. पाय मोडला आणि ब्रिटनला झोपवून आणायची वेळ आली, तर तो खर्च कार्डात येत नाही. भावोजींची पॉलिसी काढताना गुडघ्याचं ऑपरेशन सांगायलाच हवं, लपवलं तर क्लेम अडकतो.

रिन्यूअलचा अर्ज आम्ही त्याच दिवशी दुपारी भरला. मोठ्यांसाठी आठवड्याभरात पासपोर्ट देणारी जादा पैशांची सेवाही आहे, पण आपल्याकडे अजून वेळ आहे. खांद्याच्या बॅगा ताई दुकानात परत देणार आहे. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे लाल पासपोर्ट आहे, त्यांनी आज कपाट उघडून वरच्या ओळीतली तारीख तेवढी वाचा.