'फिलॉसॉफी सोडा, फंक्शन मोजा' म्हणणाऱ्यांसाठी

गेल्या काही दिवसांत तो मेसेज मला इतक्या जणांनी पाठवला की शेवटी लिहायलाच बसले. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: ऑक्युपेशनल थेरपीच्या रिसर्चमध्ये फिलॉसॉफी ही नसती उठाठेव, ऑन्टॉलॉजी-एपिस्टेमॉलॉजी (खरं काय असतं आणि ते कळतं कसं याचा विचार) हे अलीकडचं फॅड, पेशंटचं फंक्शन, म्हणजे रोजची कामं त्याला किती जमतात ते, मोजा आणि मोकळे व्हा, आरसीटी (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेली उपचारांची तुलना) तेवढा पुरावा बाकी सगळी मतं, आणि क्वालिटेटिव्ह (आकड्यांऐवजी मुलाखती-निरीक्षणांवरची) स्टडी म्हणजे आठ-दहा पेशंटशी मारलेल्या गप्पा. खाली टाळ्यांचे इमोजी.

(ओटी म्हणजे इथे ऑक्युपेशनल थेरपी, ऑपरेशन थिएटर नाही. आणि 'व्यवसायोपचार' म्हटलं की लोक विचारतात कसला व्यवसाय, तर ऑक्युपेशन म्हणजे माणूस दिवसभर जे जे करतो ते सगळं, अंघोळीपासून बागकामापर्यंत, आणि ते पेशंटला पुन्हा जमावं म्हणून ही थेरपी.)

पहिलं ते फॅडचं. १९१७ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावात मूठभर माणसं जमली आणि ओटीची पहिली संघटना उभी राहिली. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९२२ मध्ये, अॅडॉल्फ मायर या मानसोपचारतज्ज्ञाचा जो लेख छापून आला त्याच्या नावातच फिलॉसॉफी हा शब्द आहे. मायर म्हणत होता की काम, खेळ, विश्रांती आणि झोप यांचा ताळमेळ बिघडणं हा आजाराचाच भाग असतो, आणि तो ताळमेळ उपदेशाने परत येत नाही, प्रत्यक्ष करण्यातून येतो. विल्यम जेम्स, जॉन ड्युई या अमेरिकन तत्त्वज्ञांचा प्रॅग्मॅटिझम (विचाराची पारख कृतीतून होते हे मत) त्यामागे स्पष्ट दिसतो. म्हणजे ज्याला फॅड म्हणताय ते या पेशाच्या बारशालाच हजर होतं. मधल्या काळात आपण मेडिसिनच्या मागे लागून सांधे, स्नायू, रेंज ऑफ मोशन यांतच रमलो आणि १९६१ मध्ये मेरी रायली या थेरपिस्टला भाषणातून सगळ्यांना पुन्हा ऑक्युपेशनकडे ओढावं लागलं. तो मधला काळही बिनफिलॉसॉफीचा नव्हता बरं का. शरीर म्हणजे यंत्र, हीसुद्धा फिलॉसॉफीच, फक्त तिचं नाव कुणी घेत नव्हतं.

आता 'फंक्शन मोजा'. माझं खरं भांडण इथे आहे. मोजाच ना, पण काय मोजताय?

एफआयएम (रोजच्या कामांत किती मदत लागते ते मोजणारी स्केल) घ्या, आपण सगळे वापरतो. १८ आयटम, प्रत्येकाला १ (सगळी मदत) ते ७ (मदत नाही, साधनही नाही), एकूण १८ ते १२६. स्ट्रोकनंतरचे एक गृहस्थ डोळ्यासमोर आणा, उजवा हात जेमतेम चालतो. ते बटणहूक घेऊन स्वतः शर्ट घालतात, पहिलं बटण तीनदा निसटतं, कॉलर मागे दुमडलेलीच राहते, कपाळावर घाम, सगळं मिळून चाळीस मिनिटं, आणि संपेपर्यंत माणूस इतका गळून जातो की पेपर वाचायचं त्राण उरत नाही. स्कोअर ६, कारण मदत कुणाचीच नाही, फक्त साधन आणि जास्तीचा वेळ. आता तेच गृहस्थ म्हणतात, बायको दोन मिनिटांत घालून देते, मला ती ताकद पेपरसाठी आणि संध्याकाळच्या मित्रांसाठी ठेवायचीय. स्कोअर १. कागदावर माणूस ६ वरून १ वर आला आणि त्याचा दिवस मात्र सुधारला!

एफआयएम वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, काळजीचा बोजा किती हे कळायला ते उत्तम आहे. पण 'मदतीशिवाय करणं म्हणजे चांगलं' हे गृहीतक त्या आकड्याच्या आत बसलेलं आहे आणि ते डेटातून आलेलं नाही. कॅरेन व्हॅली हॅमेल ही संशोधक ओटीतल्या स्वावलंबनाच्या या वेडावर बरीच वर्षं बोट ठेवतेय, आणि मायकेल इवामा या थेरपिस्टने कावा मॉडेल (आयुष्याला नदी मानणारं, जपानी विचारातलं) मांडताना हेच विचारलं की परिस्थितीपासून सुटा, स्वतंत्र 'मी' हा सगळ्या समाजांत असतोच कशावरून. सीओपीएम या दुसऱ्या मोजपट्टीत उलट पेशंटच ठरवतो काय महत्त्वाचं, मग दहापैकी किती जमतं आणि किती समाधान आहे ते सांगतो. त्याच गृहस्थांचा सीओपीएम काढा, वेगळीच स्टडी हातात येईल. दोन्ही आकडेच आहेत, पण कुठला घ्यायचा हे एसपीएसएस हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर सांगत नाही.

आरसीटीबद्दल माझी तक्रार काहीच नाही. 'हे त्यापेक्षा सरासरीने बरं चालतं का' या प्रश्नाला त्याहून चांगलं हत्यार नाही, ब्लाइंडिंगची (कुणाला कुठला उपचार ते लपवण्याची) आपल्याकडे बोंब असते तरीही (पेशंटला कळणारच ना आपण काय करतोय ते). पण ओटीतला सगळ्यात गाजलेला आरसीटी बघा, १९९७ मध्ये जामा या मेडिकल जर्नलमध्ये आलेली वेल एल्डर्ली स्टडी. ६० च्या पुढचे ३६१ जण आणि तीन गट: एकाला ओटी, एकाला नुसत्या सोशल अॅक्टिव्हिटीज, एकाला काहीच नाही. ओटीचा गट पुढे गेला आणि सोशलवाल्या गटाला काहीच न मिळालेल्यांपेक्षा फारसा फायदा झाला नाही. आता सांगा, तो मधला गट कुणाला आणि का सुचला? नुसतं गुंतवून ठेवणं वेगळं आणि त्या माणसाला अर्थ असलेलं काम वेगळं, असं आधी कुणीतरी मानलं होतं म्हणून. मायरपासून चालत आलेला विचार तिथे कंट्रोल ग्रुप बनून बसलाय. आणि एव्हिडन्स-बेस्ड मेडिसिनचं (पुराव्यावर चालणाऱ्या वैद्यकाचं) नाव घेऊन दटावणाऱ्यांनी त्याच चळवळीतल्या डेव्हिड सॅकेटचा १९९६ चा बीएमजे या जर्नलमधला छोटासा लेख वाचावा, पुरावा म्हणजे फक्त आरसीटी नव्हे हे त्यातच लिहिलंय.

राहिल्या गप्पा. इथे मेसेजवाल्याचं अर्धं मला मान्य आहे, कारण वाईट क्वालिटेटिव्ह थिसिस मीही वाचलेत, तीन वाक्यं पेशंटची आणि लगेच 'थीम्स समोर आल्या', जणू भुईतून उगवल्या. पण वाईट आरसीटी पाहून आपण आरसीटी बंद करा म्हणतो का? शेरिल मॅटिंगली ही मानववंशशास्त्रज्ञ, तिने ओटींना काम करताना महिनोन् महिने पाहिलं, आणि थेरपिस्ट पेशंटबरोबर नकळत एक गोष्ट रचत असतो, हा माणूस पुढे कोण होऊ शकेल याची, हे तिच्या कामातून पुढे आलं. आज नॅरेटिव्ह रीझनिंग म्हणून आपण कॉलेजात शिकतो ते हेच. कुठल्या स्केलवर सापडलं असतं?

आणि एक कबुली. माझ्या थिसिसमधला पॅराडाइमचा (संशोधनामागच्या भूमिकेचा) परिच्छेद मी सीनियरच्या थिसिसमधून उचलला होता. व्हायव्हात एक्स्टर्नलने विचारलं, 'तुम्ही इथे इंटरप्रेटिव्हिस्ट लिहिलंय आणि पुढे इंटर-रेटर रिलायबिलिटी काढून एकच बरोबर अर्थ शोधताय, हे कसं?' (इंटरप्रेटिव्हिस्ट म्हणजे एकाच गोष्टीचे अनेक अर्थ मानणारा, आणि इंटर-रेटर रिलायबिलिटी म्हणजे दोन जणांचं वाचन किती जुळतं ते.) मी पाणी प्यायले. त्या चॅप्टरमध्ये नुसते इझम भरलेले असतात ही मेसेजवाल्याची चीड म्हणूनच मला कळते. पण त्या दिवशी माझी स्टडी अडकली ती तिथेच, टेबलं सगळी बरोबर होती.