तुरटीचा कागद आधी दाखवा

सोलापूर महापालिकेची निवडणूक जानेवारी 2026 मध्ये झाली. त्याआधी मार्च 2022 पासून सभागृहात नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकाकडे होता. सभागृह परत आलं आणि आमच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर वाद पेटला. एक जण म्हणतो, "प्रशासक बरा होता बे. सही झाली की काम सुरू. आता प्रत्येक मक्त्याला स्थायी समितीतल्या सोळा जणांची मर्जी." दुसरा म्हणतो, निवडून आलेल्यांनीच खर्च मंजूर करायचा असतो. मी अमेरिकेतल्या सॅन होजेहून बोलायला गेलो, तर उत्तर आलं, "तिकडं बसून तुला काय कळतंय?"

इथली एक गोष्ट मात्र मी डोळ्यांनी पाहिलीय. सॅन होजेत महापौर आणि दहा सदस्यांची परिषद मंगळवारी भरते. किरकोळ खरेदी, देखभालीचे करार, पुरवठादारांचे ठेके हे सगळे विषय एका यादीत घालतात आणि एकाच मतदानात मंजूर करतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा अख्खी यादी मिनिटाच्या आत संपली. मी गारच पडलो. "सर्व विषय एकमताने मंजूर" हे वाक्य ऐकायला इतक्या लांब यायची काय गरज होती?

फरक मला नंतर समजला. कॅलिफोर्नियात 1953 चा कायदा आहे. नियमित सभेची विषयपत्रिका निदान 72 तास आधी लोकांसमोर लावावीच लागते, आणि ऐनवेळी विषय घुसवायला फार थोड्या सवलती आहेत. विषयासोबत टिपण असतं: काम काय, रक्कम किती, हाच पुरवठादार का. एकदा एक आजीबाई झाडं छाटण्याच्या कराराची प्रिंट घेऊन आल्या आणि दर का वाढला, एवढंच विचारलं. सदस्याने तो विषय यादीतून बाहेर काढला. अधिकाऱ्याने मजुरी आणि इंधनाचा हिशेब सांगितला. करार जसाच्या तसा मंजूर झाला, पण उत्तर इतिवृत्तात राहिलं.

इथेही सगळं छान नाही. सभा दुपारी दीडला सुरू होते, नोकरी करणारा माणूस जाणार कधी? बोलायला मिळतात एक-दोन मिनिटं.

आता आपल्याकडे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949 चा. त्यात 16 जणांची स्थायी समिती, दरवर्षी निम्मे सदस्य निवृत्त. आयुक्तांनी प्रस्ताव ठेवायचा आणि ठराविक रकमेपुढचा करार समितीने मंजूर करायचा. एकाने मागायचं, दुसऱ्याने तपासून द्यायचं. प्रशासकाच्या काळात आयुक्त हेच प्रशासक होते. प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा माणूस एकच. माझा मित्र ज्याला वेग म्हणतो, तो मधली तपासणीच नसल्यामुळे आलेला वेग होता. तो मला नको आहे. पण समिती आली म्हणून तपासणी आली, असंही मी मानत नाही.

तुरटीचंच बघा. उजनीचं पाणी शुद्ध करायला तुरटी लागते, जंतू मारणारी टीसीएल (क्लोरीनची) पावडर लागते. बारमाही खरेदी. हद्दवाढ, उड्डाणपूल असले विषय पेपरात गाजतात, तुरटीवर कोण भांडणार? पण चार-पाच दिवसांनी एकदा येणारं ते पाणी माझी आई हंड्यात भरून ठेवते. त्या तुरटीचा दर मागच्या वर्षी किती होता, किती जणांनी निविदा भरली, की जुन्या मक्तेदारालाच मुदतवाढ दिली, हे मंजुरीआधी तिला वाचता आलं पाहिजे. ई-निविदेमुळे निविदा ऑनलाइन दिसतात, ही मोठी सुधारणा आहे. मुदतवाढ आणि ऐनवेळचे विषय मात्र त्या पोर्टलच्या बाहेरच राहतात, आणि माझी काळजी तिथेच आहे.

माझे मामा पंपांचे सुटे भाग विकायचे. एका सरकारी कार्यालयात त्यांनी निविदा भरली, काम दुसऱ्याला गेलं. ते म्हणायचे, "दुसऱ्याचा दर कमी होता म्हणून हरलो असतो तर वाईट वाटलं नसतं. पण त्याचा दर किती होता ते कुणी सांगितलंच नाही." त्यांनी पुन्हा कधी निविदा भरली नाही. असे प्रामाणिक दुकानदार बाजूला झाले की उरतात तेच ते दोन-तीन मक्तेदार, आणि दर तेच ठरवतात.

माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 म्हणतं की कार्यालयांनी माहिती आपणहून प्रसिद्ध करावी, लोकांना अर्ज करायची वेळच येऊ नये. कायदा 2005 चा आहे. नव्या नगरसेवकांकडे माझं मागणं एवढंच: स्थायीची विषयपत्रिका, प्रत्येक विषयाच्या गोषवाऱ्यासकट, सभेच्या तीन दिवस आधी संकेतस्थळावर टाका. मुदतवाढीच्या विषयापुढे जुना दर आणि नवा दर शेजारी-शेजारी लिहा. ऐनवेळी खरेदीचा विषय घेऊ नका. यासाठी वेगळा निधी लागत नाही, हे कागद नगरसचिव कार्यालयात तयारच असतात.

ग्रुपवरच्या त्या मित्राला मी सांगितलं, तुरटीचा पुढचा विषय आला की गोषवारा मिळवून पाठव. तो म्हणाला, "अर्ज टाकतो. कायद्याने 30 दिवस आहेत त्यांच्याकडे. तोवर तुरटी पाण्यात पडलेली असेल."