कोरियात शिकवायला जाताय? शाळेत डबा नेऊ नका, ताट वाचायला शिका

कोरियात इंग्रजी शिकवायला निघालेल्या मराठी शिक्षकाला सगळे एकच सांगतात: कुकर ने, मेतकूट ने, आणि शाळेत रोज घरचा डबा ने. कुकर आणि मेतकूट जरूर न्या. पण पहिल्याच दिवसापासून डबा उघडून वेगळ्या टेबलावर बसू नका, असं माझं ठाम मत आहे. शाकाहारी असलात तरीसुद्धा.

भारत-कोरिया आर्थिक भागीदारी करार 1 जानेवारी 2010 ला लागू झाला. त्यामुळे इंग्रजीची पदवी आणि अध्यापनाची पात्रता असलेल्या भारतीयांना तिथल्या सरकारी शाळांत सहायक शिक्षक म्हणून जायची वाट मिळाली. या वाटेने जाणाऱ्याला व्हिसाची कागदपत्रं सगळे समजावतात, दुपारच्या ताटाबद्दल मात्र कोणी बोलत नाही.

हे जेवण म्हणजे 'गुप्शिक'. खणांचं स्टीलचं ताट असतं. खाली डावीकडे भात, उजवीकडे सूप, वरच्या तीन खणांत किमची आणि दोन पदार्थ. मुख्याध्यापक आणि पहिलीतली मुलं, सगळ्यांना मेनू एकच. शिक्षकांना त्याचे पैसे महिन्याला भरावे लागतात. उद्याचा तास रद्द झालाय, सहलीची तारीख बदललीय, एखाद्या मुलाचं घरी काही बिनसलंय, या गोष्टी कोरियन न येणाऱ्या माणसाला मीटिंगमध्ये कळत नाहीत. शेजारी बसून जेवताना कोणीतरी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगतं. डबा घेऊन बाजूला बसणारा नेमका याला मुकतो.

आता मुद्द्याचं. महिन्याचा मेनू, 'शिक्तान्प्यो', शाळेच्या संकेतस्थळावर आणि भिंतीवर लागतो. प्रत्येक पदार्थापुढे कंसात आकडे असतात. ते आकडे म्हणजे ॲलर्जी होऊ शकणाऱ्या घटकांचे क्रमांक, 1 ते 19, सगळ्या शाळांत सारखेच. 1 अंडं, 2 दूध, 4 शेंगदाणा, 5 सोयाबीन, 6 गहू, 7 बांगड्याच्या जातीचा मासा, 8 खेकडा, 9 कोळंबी, 10 डुकराचं मांस, 15 चिकन, 16 बीफ, 17 माकूळ, 18 शिंपल्या-कालवं. कोरियन अक्षर येत नसलं तरी आकडे वाचता येतात. 7 ते 10 आणि 15 ते 18 एवढे लक्षात ठेवले की निम्मं काम झालं. (11 आणि 12 बघून घाबरू नका, ते पीच आणि टोमॅटो.)

उरलेल्या निम्म्यात मात्र बहुतेक जण फसतात. या यादीत मासा म्हणून फक्त 7 नंबरचाच आहे. म्यॉल्ची, म्हणजे सुकवलेली छोटी मासळी, हिला नंबरच नाही. आणि कोरियन स्वयंपाकाचा अर्धा पाया तीच आहे. सुकी म्यॉल्ची आणि समुद्री शेवाळाची पट्टी पाण्यात उकळून, गाळून जे पाणी उरतं त्यावर सूप होतं. द्वेन्जांग जिगेसारखं सोयाबीनच्या आंबवलेल्या पेस्टचं कालवणही बऱ्याचदा त्याच पाण्यात. वाटीत मासा दिसत नाही, मेनूत आकडा दिसतो फक्त 5. किमचीचं तेच. कोबी, मुळा, तिखट सगळं दिसतं, पण आंबवताना खारवलेली कोळंबी किंवा म्यॉल्चीचा रस घातलेला असतो. कोळंबी घातली असेल तर किमचीपुढे 9 येतो. नुसता म्यॉल्चीचा रस असेल तर काहीच येत नाही.

म्हणून विचारायला शिकावं लागतं, आणि शब्द अचूक लागतात. 'गोगी' म्हणजे मांस. 'गोगी प्पे जुसेयो', मांस काढून द्या, असं म्हटलं की समोरचा माणूस मनापासून मांसाचे तुकडे काढतो. हॅम, फिशकेक आणि रस्सा तसाच राहतो, कारण रोजच्या बोलण्यात त्यांना कोणी गोगी म्हणत नाही. यात फसवणूक नाही, शब्दाची व्याप्तीच तेवढी आहे. तुम्ही थेट विचारा: 'म्यॉल्ची युक्सूयेयो?' म्हणजे रस्सा म्यॉल्चीचा आहे का? आणि नकार देताना 'आन मॉगॉयो' (खात नाही) ऐवजी 'मॉन मॉगॉयो' (खाऊ शकत नाही) म्हणा. पहिल्यात नापसंती ऐकू येते, दुसऱ्यात अडचण. हे एकदाच, पहिल्या आठवड्यात, शाळेच्या आहार-शिक्षिकेला नीट सांगून ठेवा. मेनू तीच ठरवते.

मग ताटात उरतं काय? भात, मोड आलेल्या सोयाबीनचं खोंगनामुल, तिळाच्या तेलातली पालकाची भाजी, टोफू, गिम म्हणजे समुद्री शेवाळाची कुरकुरीत पानं, फळं. पोट भरतं. बुधवार तेवढा जड जातो. अनेक शाळांत तो 'सगळं संपवायचा दिवस' असतो, म्हणून मुलांना आवडणारं, म्हणजे बहुधा तळलेलं मांस, त्याच दिवशी येतं. त्या दिवशी सकाळीच पोटभर खाऊन जा.

स्टाफच्या रात्रीच्या जेवणात, ह्वेशिकमध्ये, शाकाहारी माणूस थंड नूडल्स, म्हणजे मुल-नेंगम्यॉन, मागवतो आणि चुकतो, कारण त्यांचा पारदर्शक रस्सा बहुधा बीफचा असतो. त्यापेक्षा लेट्यूसच्या पानात भात, भाजलेली मश्रूम, लसणाची पाकळी असं बांधून खा. टेबलावरच्या तव्यावर मश्रूम मांसाच्या आधी भाजून घ्या, नंतर त्यावर चरबी पसरते.

घरच्या पोळीबद्दल. तिथल्या दुकानातलं अख्ख्या गव्हाचं पीठ, 'थोंगमिल', आपल्या कणकेसारखं वागत नाही. चक्कीत दळताना स्टार्चचे कण जास्त फुटतात, म्हणून आपली कणीक पाणी जास्त पिते आणि मऊ राहते. थोंगमिलमध्ये तेवढंच पाणी घातलं तर गोळा चिकट होतो, कोरडं मळलं तर पोळीच्या कडा फाटतात. निम्मं थोंगमिल, निम्मा मध्यम मैदा ('जुंग्न्यॉक'), कोमट पाणी थोडं थोडं, चमचाभर तेल, आणि अर्धा तास झाकून ठेवा. इंडक्शनवर फुलका फुगवायला ज्योत नसते. तव्यावरच कापडाने दाबा. भारतीय कणीक, तूरडाळ आणि हिंग सोलच्या इतेवनमध्ये मशिदीच्या परिसरातल्या दुकानांत मिळतो. पनीरऐवजी टोफू घ्याल तर पाकिटावर 'बुछिम', तळायचा, असं लिहिलेला घ्या. 'जिगे' लिहिलेला मऊ टोफू भाजीत फुटतो.

ओला कचरा वेगळा द्यावा लागतो, पण कांद्याची सालं, अंड्याची टरफलं आणि चहाचा चोथा त्यात टाकायचा नाही. त्या कचऱ्यापासून जनावरांचा चारा आणि खत करतात, म्हणून जनावर खाणार नाही ते साध्या कचऱ्याच्या पिशवीत जातं.

एक गोष्ट मात्र शाळेत अवश्य न्या: लसूण-शेंगदाण्याच्या चटणीची छोटी डबी. कोरियन जिभेला लसूण आणि तिखट परकं नाही, शेजारचे शिक्षक पहिल्याच दिवशी चमचा पुढे करतील. त्यांना आत काय आहे ते सांगून द्या. मुलांना मात्र कितीही मागितली तरी देऊ नका. शेंगदाणा त्या यादीत 4 नंबरवर आहे.