चार इंजेक्टर, पाच वायसर

रामराम दादा,

आमच्या इंजेक्टर रिपेअरच्या दुकानाला तुम्ही दिलेला एक स्टार आणि त्याखालचा रिव्ह्यू दोनदा वाचला. पहिल्यांदा वाचला तेव्हा लगेच उत्तर लिहायला बसलो होतो, बायकोने फोन काढून घेतला ते बरं झालं. आता दुकान बंद करून निवांत लिहितोय.

बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. बीएस-४ च्या टाटा ४०७ ट्रकचे चारही इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारतात ते) आमच्याकडून २२ हजारांत रिपेअर करून घेतले. घरी भावाच्या मदतीने बसवले. गाडी सुरू झाली, पण सकाळी पांढरा धूर, लोडवर काळा धूर आणि तीन नंबरच्या सिलिंडरला ठोका. ऐन उन्हाळ कांद्यात गाडी चार दिवस दारात उभी. दुकानात फोन केला तर ‘आमचा माल ओके होता’ म्हणून ठेवून दिला. मग माणूस पाठवला आणि कोड घालायचे दीड हजार वेगळे घेतले. नोझल (इंजेक्टरचं फवारा मारणारं टोक) डुप्लिकेट असणार. शेवटचं वाक्य असं, की ‘कोड घातल्यावर गाडी चालली, म्हणजे दोष यांचाच. लुटारू दुकान.’

आधी फोनचं बोलतो, कारण तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. तुम्ही तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा काउंटरवरच्या पोराने बेंचचा (इंजेक्टर तपासायच्या मशीनचा) रिपोर्ट बघून तुम्हाला वाटेला लावलं. रिपोर्ट खरा होता, पण ज्याची गाडी दारात उभी आहे त्याला रिपोर्ट वाचून दाखवायचा नसतो, काय होतंय ते विचारायचं असतं. मी त्या दिवशी पंप घेऊन मालेगावला गेलो होतो हे काही कारण झालं नाही. त्या बोलण्याबद्दल मनापासून माफी मागतो.

कोडचंही अर्धं तुमचंच बरोबर. कॉमन रेलच्या, म्हणजे एकाच जाड पाइपातून सगळ्या इंजेक्टरना जबर प्रेशरचं डिझेल देणाऱ्या गाडीच्या, प्रत्येक इंजेक्टरचा एक कोड असतो. तुमच्या इंजेक्टरच्या डोक्यावर सात अक्षरं-आकडे कोरलेले आहेत, ते हेच. चार इंजेक्टर कितीही नीट बनवले तरी प्रत्येकाची डिझेल सोडायची सवय केसभर वेगळी असते. हा कोड ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, ती सवय सांगतो. आतलं नोझल आणि व्हॉल्व्ह बदलला की सवय बदलते, जुना कोड लागू राहत नाही, बेंचवरून नवा काढावा लागतो. तो आम्ही काढला होता. चार स्टिकर छापून बॉक्समध्ये टाकले होते. पण स्टिकर कशाचे, कुठल्या सिलिंडरला कुठला कोड आणि ते घालायला स्कॅनर (ईसीएमला जोडायचं यंत्र) लागतो, हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही. घोळ असा की कोड न घालताही गाडी सुरू होते. स्टार्ट झाली म्हणजे झालं, असं कोणालाही वाटेल. तुम्ही गाडी इथे लावली असती तर कोड मजुरीतच घातला असता. घरी बसवणार हे बिल करताना विचारायला हवं होतं, ते आमच्याकडून राहिलं. त्यामुळे ते दीड हजार तुमचे परत. त्यावर वाद नाही.

आता तुम्ही रिव्ह्यूमध्ये जे लिहिलं नाही ते.

आमचा मुलगा तुमच्या अंगणात आला तेव्हा त्याने आधी स्कॅनर लावलाच नाही. गाडी चालू करून नुसता कान दिला. तुम्ही ठोका म्हणत होता तो ठोका नव्हता. तीन नंबरच्या बुडातून छक्‌-छक्‌ आवाज येत होता आणि हेडवर (सिलिंडरच्या वरच्या झाकणावर) इंजेक्टरभोवती काळं, ओलं, डांबरासारखं साचलं होतं. ती कॉम्प्रेशनची हवा बाहेर मारत होती. इंजेक्टर उपसला, आत टॉर्च मारली आणि तुमच्या भावाला वाकून बघायला लावलं. इंजेक्टर टेकतो त्या सीटवर एक काळी रिंग दिसली. भाऊ म्हणाले, ती हेडचीच आहे. मुलाने सायकलच्या स्पोकचा आकडा करून ती हळूच ओढली आणि पॉलिश पेपरने एका कडेला घासली, तेव्हा खालून तांबं चमकलं. जुना कॉपर वायसर, इंजेक्टरच्या बुडाशी हवा अडवणारी तांब्याची चकती. इंजेक्टर काढताना तो कार्बनमध्ये चिकटून खालीच राहिला आणि तुम्ही आमच्या पाकिटातला नवा वायसर त्याच्यावर बसवला. इंजेक्टर चार आणि वायसर पाच.

दिसायला दीड मिलिमीटरची चकती. पण नोझलचं टोक सिलिंडरमध्ये किती उतरायचं ते हीच चकती ठरवते. दोन झाल्या की टोक वर राहतं आणि फवारा पिस्टनच्या वाटीत पडायचा तो काठावर पडतो. डिझेल नीट जळत नाही, लोडवर काळा धूर मारते. त्यात जुन्या चकतीला एका बाजूने कार्बन, म्हणजे बूड सपाट बसलंच नाही, हवा सुटली, कॉम्प्रेशन पडलं. थंड इंजिनला सकाळी पांढरा धूर आला तो त्याचा. कोडमुळे आयडलिंग हलत होतं, एवढंच कोडचं काम. मुलाने सीट घासून साफ केली, एकच नवा वायसर घातला, क्लॅम्प टॉर्क पान्याने आवळला आणि मग कोड घातले. ही दोन्ही कामं एकाच तासात झाली, म्हणून तुम्हाला वाटलं कोडनेच गाडी चालली.

ही चूक तुमच्याकडूनच झाली असं समजू नका. पंधरा-वीस वर्षं पाना हातात असलेल्यांकडूनही होते. ओळखायचा उपाय सोपा आहे. इंजेक्टर काढले की जुने वायसर एका ताटलीत ठेवायचे आणि मोजायचे. तुमच्या ताटलीत तीनच होते.

डुप्लिकेटचा आरोप मात्र मी मान्य करणार नाही. नाशिकला, मायको सर्कलच्या गावात धंदा करतो, मायकोच्या (आताच्या बॉशच्या) सातपूरच्या कारखान्यातलं नोझल आणि बाजारातलं नकली नोझल यातला फरक कळला नाही तर दुकानाला कुलूप लावलेलं बरं. तुमच्यासमोर सील फोडलं होतं, आणि उतरवलेली जुनी नोझल पिशवीत घालून तुमच्या हातात दिली होती. मुलगा आला तेव्हा ती पिशवी डॅशबोर्डवर गणपतीशेजारीच पडलेली होती. एक जुनं आणि आम्ही बसवलेलं कुठलंही एक, तुम्हाला पाहिजे त्या लॅबमध्ये नेऊन तपासा, तपासणीचे पैसे मी देतो.

त्याच दिवशी मुलाने चारही इंजेक्टरच्या रिटर्नला (उरलेलं डिझेल परत जातं त्या तोंडाला) सलाइनच्या नळ्या जोडून चार सारख्या बाटल्या लावल्या होत्या, ते तुम्ही मोबाइलवर शूट केलंय. ज्याचा व्हॉल्व्ह किंवा आतलं सील गेलं असेल त्याची बाटली आधी भरते. तुमच्या चारही बाटल्यांत डिझेल जवळपास एका रेषेत होतं. तो व्हिडिओ रिव्ह्यूला जोडाल तर मला चालेल.

आता एक गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हे एवढं लिहितोय. तुम्ही सहज लिहून गेलात, ‘चालू गाडीवर एकेक पाइपचा नट सैल करून बघितला, कुठला सिलिंडर मरतोय ते कळेना.’ हे वाचून माझा राग गेला आणि हात गार पडले.

जुन्या गाड्यांना हे आम्हीही करायचो. माझ्या वडिलांनी मला लिंबाखाली उभ्या केलेल्या टाटा १२१० ट्रकवर हेच शिकवलं. नट सैल करायचा, इंजिनाचा आवाज बदलला तर सिलिंडर चालू, नाही बदलला तर मेलेला. पण ती पंप-नोझलची गाडी होती, नोझल साधारण २०० बार प्रेशरला उघडायचं. तुमच्या गाडीला रेल आहे. नुसत्या आयडलिंगलाही काही शे बार असतात आणि लोडवर १६०० च्या घरात जातात. ट्रकच्या टायरमध्ये असते आठेक बार, आणि टायर फुटला की काय होतं ते आपण बघितलंय. या प्रेशरची सुईसारखी धार हातमोज्यातून, कातडीतून आरपार आत जाते. वर नुसता ठिपका दिसतो, सुरुवातीला फारसं दुखतही नाही. आत डिझेल पसरतं, काही तासांत बोट सुजतं आणि उशीर झाला तर कापावं लागतं. कधी कोणाला असं झालंच तर हळद-मलम करत बसू नका. ताबडतोब मोठ्या दवाखान्यात सर्जनकडे जा आणि ‘प्रेशरने डिझेल आत गेलंय’ हे शब्द सांगा, नाहीतर किरकोळ जखम म्हणून पट्टी बांधून परत पाठवतील. कॉमन रेलला मेलेला सिलिंडर स्कॅनरवर एकेक बंद करून शोधतात. पाइप खोलायचाच तर इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबायचं, प्रेशर उतरू द्यायचं. तुमच्या भावाच्या बोटांना काही झालं नाही, देवाची कृपा.

घरी काम करू नका असं मी म्हणणार नाही. मजुरी वाचते, आणि स्वतःची गाडी स्वतः खोललेल्या माणसाला तिचा आवाज कळतो. पण अंगणात कांद्याची टरफलं उडत असताना इंजेक्टर उघडू नका. आधी हेड डिझेलने धुऊन हवा मारा. पाइप काढला की दोन्ही तोंडं लगेच बंद करा, दुसरं काही नसेल तर स्वच्छ प्लास्टिक आणि रबरबँड लावा. कॉटन वेस्टने पुसू नका, त्याचा धागा पाइपमध्ये जातो. आतल्या सुईला फट असते दोन-चार मायक्रॉनची, माणसाचा केस सत्तरच्या आसपास. तिथे धागाच काय, बोटावरची धूळही नको. नोझलच्या टोकाला तर पॉलिश पेपर लावूच नका. तुम्ही जुन्या इंजेक्टरना लावला होता. मी तेव्हा काही बोललो नाही, पण भोकांच्या कडा खाल्लेल्या भिंगातून दिसत होत्या.

आमच्याकडे त्या दिवसापासून दोन बदल केलेत. बिल करताना ‘कोण बसवणार’ हे विचारून लिहितो. आणि घरी नेणाऱ्याला कोडचे स्टिकर सिलिंडरचा नंबर टाकून वेगळ्या पाकिटात देतो, स्कॅनरवाला जवळ नसेल तर आमचा मुलगा येऊन घालून देईल, एका चकरेचे पैसे नाहीत.

स्टार बदला असं म्हणत नाही. चार दिवसांचं भाडं गेलं तुमचं, ते मी भरून देऊ शकत नाही आणि त्यातला अर्धा दोष वायसरचा असला तरी वेळेवर फोनवर बोललो असतो तर दोन दिवस वाचले असते. ‘लुटारू’ शब्द तेवढा काढलात तर बरं वाटेल, माझी म्हातारी आई नातवाकडून रिव्ह्यू वाचून घेते.

एक काम मात्र लगेच करा. ऑइलची काडी काढून बघा. चार दिवस अर्धवट जळालेलं डिझेल खाली ऑइलमध्ये उतरलं असेल तर लेव्हल वर गेलेली दिसेल आणि ऑइलला डिझेलचा वास येईल. तसं असेल तर पुढच्या ट्रिपची वाट न बघता ऑइल आणि फिल्टर बदला, नाहीतर इंजेक्टर वाचतील आणि बेअरिंग जातील.

दीड हजार काउंटरवर तुमच्या गाडीच्या नंबरच्या पाकिटात ठेवलेत. आणि तुमचा १३ चा टी-पाना चुकून आमच्या मुलाच्या बॅगेत आलाय, पिंपळगावला कांदा खाली करून येताना दोन्ही घेऊन जा. रविवारी दुकान दुपारी दोनपर्यंतच असतं.