हेडली म्हणे सीआयएचा माणूस!

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा आला की 26/11च्या श्रद्धांजलीच्या मागोमाग एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा मथितार्थ असा: डेव्हिड हेडली, म्हणजे हल्ल्यासाठी मुंबईची टेहळणी करणारा माणूस, हा मुळात गोरा अमेरिकन, सीआयएचा एजंट. मुंबईवर हल्ला होणार हे अमेरिकेला पक्कं ठाऊक होतं, तिनेच तो होऊ दिला. आपलं बिंग फुटू नये म्हणून तिने हेडलीला भारताच्या हाती दिलं नाही, आपल्या यंत्रणांना त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू दिलं नाही.

हा मजकूर मरत नाही, कारण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य कुठल्या तरी खऱ्या गोष्टीला चिकटून उभं आहे. म्हणून एकेक धागा वेगळा करायला हवा.

आधी ‘गोरा अमेरिकन’. त्याचं जन्मनाव दाऊद गिलानी. जन्म 1960चा, वॉशिंग्टनमधला. वडील पाकिस्तानी, रेडिओच्या क्षेत्रातलं मोठं नाव. आई फिलाडेल्फियाची अमेरिकन. पोरगा वाढला पाकिस्तानात, हसन अब्दालच्या कॅडेट कॉलेजात. तिथेच, पुढे याच प्रकरणात आरोपी झालेल्या तहव्वूर राणाशी दोस्ती जमली. सतराव्या वर्षी तो आईकडे फिलाडेल्फियाला आला. तिचा तिथे बार होता, नाव ‘खैबर पास’. त्याचे दोन डोळे दोन वेगळ्या रंगांचे, हे वर्णन त्याच्याबद्दलच्या बातम्यांत हटकून येतं.

2006च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियात त्याने रीतसर नाव बदललं. दाऊदचा डेव्हिड झाला, आडनाव आईच्या माहेरचं घेतलं. यात गुप्तहेरी काही नाही. 2002 ते 2005 या काळात त्याने लष्कर-ए-तय्यबाच्या तळांवर अनेकदा प्रशिक्षण घेतलं होतं, आणि भारतात शिरायला पाकिस्तानी वाटणार नाही असं नाव हवं, म्हणून हा खटाटोप. नवा पासपोर्ट निघाला, त्यावर भारताचा व्हिसा मिळाला. व्हिसाच्या अर्जात खोटी माहिती भरल्याचं त्याने पुढे मुंबईच्या कोर्टापुढे स्वतःच कबूल केलं. अर्ज तपासणारे अधिकारी आपले होते, हे मात्र मजकुरात कधी येत नाही.

आता सीआयए. इथे खरी गोष्ट अशी की हेडली अमेरिकी सरकारचा खबऱ्या होता. पण तो होता डीईएचा, म्हणजे अमली पदार्थविरोधी खात्याचा. 1988 मध्ये तो हेरॉइनसकट फ्रँकफर्टला पकडला गेला आणि साथीदारांची नावं सांगून कमी शिक्षेवर सुटला. 1997 मध्ये न्यूयॉर्कला पुन्हा सापडला आणि पुन्हा तोच मार्ग धरला. आपला माल पकडला गेला की दुसऱ्याचा पकडून द्यायचा, असा त्याचा धंदा. 2001च्या हल्ल्यांनंतर त्या खात्याला त्याची आणखी गरज वाटली. त्यांचं नातं नेमकं कधी संपलं, यावर अमेरिकी अधिकाऱ्यांचीच विधानं जुळत नाहीत. तिथे संशय घ्यायला जागा आहे, जरूर घ्यावा. पण गर्दुल्ल्यांच्या टोळीतला खबऱ्या आणि मुंबईवर सोडलेला सीआयएचा हस्तक यांच्यात फार मोठं अंतर आहे, आणि ते ओलांडणारा एकही पुरावा कुठल्याही कोर्टात आलेला नाही.

उलट जे कोर्टात आलं ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. मुंबईत ऑफिस थाटायला पंचवीस हजार डॉलर दिले ते आयएसआयच्या मेजर इक्बालने, असं हेडलीने सांगितलं. ऑफिस निघालं ताडदेवच्या एसी मार्केटमध्ये. पाटी राणाच्या शिकागोतल्या इमिग्रेशन कंपनीची. परदेशी जायला व्हिसा मिळवून देतो म्हणणारी अशी ऑफिसं मुंबईत पैशाला पासरी, कोण कशाला लक्ष देईल! सप्टेंबर 2006 ते जुलै 2008 या काळात तो पाच वेळा येऊन गेला. ताजमध्ये राहिला, व्हिडिओ काढले आणि प्रत्येक खेपेनंतर पाकिस्तानात जाऊन ते लष्करच्या साजिद मीरकडे आणि मेजर इक्बालकडे पोचवले.

एप्रिल 2008च्या खेपेत काम वेगळं होतं. किनाऱ्यावर कुठे उतरता येईल ते बघायचं. त्यासाठी जीपीएस यंत्र दिलेलं. साहेब पर्यटकासारखे बोटीत बसून समुद्रात फेऱ्या मारत होते आणि जागांच्या खुणा यंत्रात टिपत होते. कफ परेडची मच्छीमार वस्ती त्यातूनच हेरली गेली. 26 नोव्हेंबरच्या रात्री दहा जण रबरी बोटीतून तिथेच उतरले. वस्तीतल्या लोकांनी त्यांना हटकलंही होतं, तुम्ही कोण, कुठले म्हणून. अडीच वर्षांच्या या सगळ्या तयारीत संशयाने विचारपूस केलेली ही बहुधा एकच जागा, आणि तीही कोळ्यांनी.

आणखी एक तपशील. सिद्धिविनायकाजवळून त्याने मनगटाला बांधायचे लाल-पिवळे धागे विकत घेतले आणि हल्लेखोर भारतीय वाटावेत म्हणून साजिद मीरला नेऊन दिले. 

‘अमेरिकेला माहीत होतं’ हा मुद्दा सगळ्यांत अवघड, कारण तो अर्धा खरा आहे. हेडलीबद्दलच्या तक्रारी 2001पासून अमेरिकी यंत्रणांकडे येत होत्या. 2005 मध्ये त्याच्या बायकोने सांगितलं की हा लष्करच्या तळांवर जातो. मग त्याच्या आणखी एका, मोरोक्कोच्या बायकोने इस्लामाबादच्या अमेरिकी वकिलातीत जाऊन तेच सांगितलं, मुंबईतल्या मुक्कामाचे फोटो दाखवले. नवरा-बायकोचं भांडण समजून फाईल बंद झाली. हा अक्षम्य गलथानपणा आहे, आणि त्यावर अमेरिकेला सुनवायलाच हवं. पण कटात सामील असणाऱ्याला आपल्याच वकिलातीत अशा तक्रारी साचू देण्याचं कारण काय?

शिवाय 2008 मध्ये समुद्रमार्गे हल्ल्याचा इशारा अमेरिकेकडून भारताला मिळाला होता. ताजला इशारा होता आणि तिथे काही काळ बंदोबस्त वाढवलाही होता, हे खुद्द रतन टाटांनी सांगितलंय. पुढे तो ढिला पडला. हल्ल्यानंतर चार महिन्यांनी, मार्च 2009 मध्ये, हेडली पुन्हा भारतात आला. दिल्ली, पुष्कर, गोवा, पुणे फिरला, ज्यूंच्या छबाड हाऊसची पाहणी केली आणि सुखरूप परत गेला. यात सीआयए कुठे आली? विमानतळावर शिक्का मारणारे हात आपलेच.

राहिली प्रत्यार्पणाची गोष्ट. ऑक्टोबर 2009 मध्ये एफबीआयने त्याला शिकागोच्या ओहेअर विमानतळावर पकडलं. तेव्हा तो डेन्मार्कमधल्या एका वृत्तपत्रावर हल्ल्याच्या तयारीत होता. मार्च 2010 मध्ये त्याने बारा गुन्हे कबूल केले आणि बदल्यात दोन गोष्टी पदरात पाडून घेतल्या: फाशी नाही, आणि भारत, पाकिस्तान, डेन्मार्क यांच्या हवाली करायचं नाही. हा सौदा मलाही पटत नाही. मुंबईत 166 जीव गेले आणि हिशोब शिकागोत झाला, 35 वर्षांच्या कैदेवर. पण असे सौदे अमेरिकी कोर्टात चोरापासून माफियापर्यंत सगळ्यांशी होतात. 1988पासून हेडली त्यात मुरलेलाच होता. राणाने असा सौदा केला नाही, म्हणून तो एप्रिल 2025 मध्ये दिल्लीत आणला गेला.

आणि ‘वाऱ्यालाही उभं राहू दिलं नाही’ हे तर धादांत खोटं. जून 2010 मध्ये एनआयएच्या अधिकाऱ्यांनी शिकागोत जाऊन त्याची अनेक दिवस चौकशी केली. फेब्रुवारी 2016 मध्ये, 26/11चा आरोपी असलेल्या बीडच्या जबिउद्दीन अन्सारीवरच्या खटल्यात, तो माफीचा साक्षीदार म्हणून अमेरिकेतून मुंबईच्या विशेष न्यायालयापुढे पडद्यावर हजर झाला. उज्ज्वल निकम प्रश्न विचारत होते आणि त्याची उत्तरं दुसऱ्या दिवशी आपल्याच पेपरांत छापून येत होती.

त्या लांबलचक मजकुरात लष्कर-ए-तय्यबाचं नाव मी शोधलं. नाही. मेजर इक्बाल नाही, साजिद मीर नाही. हल्ला चालू असताना कराचीहून फोनवर सूचना देणाऱ्यांचे आवाज आपल्या यंत्रणांनी टेप केले होते. ते हेडलीला ऐकवले, तेव्हा त्यातला साजिद मीरचा आवाज त्याने ओळखला.