‘सरांनी फोडलं म्हणून आम्ही घडलो’ हा मेसेज पुढं पाठवण्याआधी जरा थांबा

सोलापुरातल्या पालकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरायलाय, तुम्हालाही आला असेल. थोडक्यात असा, की आमच्या वेळी सर छडीनं फोडायचे, भर उन्हात चकरा मारायला लावायचे, पाणी मागितलं की अजून दोन चकरा, घरी सांगितलं तर बाप वरून दोन ठेवून द्यायचा, म्हणून आम्ही काटक झालो. आताच्या पोरांना हात लावला की केस, पोरींचं एक वेळ ठीक आहे पण पोरांना काय होतंय, कोच लोक घाबरलेत आणि म्हणून जिल्ह्याला मेडल येईनात. तर पालकांनी पोरगं ग्राउंडवर सोडावं, मागं वळून बघू नये, आणि काय झालंच तर क्लबमध्येच मिटवावं.

माझी पोरगी खो-खो खेळते, मी शाळेत असताना कबड्डी खेळलोय, आणि आता आमच्या भागातल्या टीमचे फॉर्म, पाणी, प्रवास ही कामं बघतो. हा मेसेज चांगली चांगली माणसं पुढं पाठवायलीत म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितो.

‘मार खाल्ला म्हणून घडलो’

हे सांगणारे कोण, तर जे टिकले ते. जे मार खाऊन दुसऱ्या दिवसापासून ग्राउंडवर आलेच नाहीत ते हा मेसेज लिहायला नाहीत. आमच्या टीममध्ये माझ्यापेक्षा चांगली चढाई करणारा एक पोरगा होता, सगळ्यांसमोर कानफटात बसल्यावर त्यानं खेळच सोडला. तो घडला का बिघडला हे कुणी मोजत नाही.

मेडलचंच म्हणाल तर जपानकडं बघा, तिथल्या खेळातही मारायची कडक परंपरा होती. डिसेंबर २०१२ मध्ये ओसाकातल्या एका हायस्कूलच्या बास्केटबॉल कॅप्टननं कोचच्या मारानंतर आत्महत्या केली, १७ वर्षांचं पोर. पाठोपाठ २०१३ च्या सुरुवातीला बाहेर आलं की जपानच्या महिला ज्युदो टीमच्या कोचनं पोरींना थोबाडीत मारलं, बांबूच्या तलवारीनं मारलं, १५ जणींनी मिळून तक्रार केली होती. कोचला राजीनामा द्यावा लागला. आता आकडे बघा, ज्युदो ज्या देशात जन्मला त्याला लंडन २०१२ मध्ये ज्युदोचं एकच गोल्ड मिळालं होतं, आणि टोकियो ऑलिम्पिकमध्ये ९ मिळाली, त्यातली ४ महिलांची. मार थांबला म्हणून गोल्ड आली असं मी म्हणत नाही, घरचं मैदान होतं, नवीन कोच होते, कारणं खूप असतील. पण छडी गेली की मेडल जातात हे साफ खोटं ठरतं.

‘उन्हात पळवलं, पाणी दिलं नाही म्हणून काटक झालो’

ह्या मुद्द्यावर माझा जीव तुटतो, कारण हे आपल्या गावात अजून चालू आहे. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा ४२-४३ ला टेकतो आणि सुट्टीतली शिबिरं नेमकी तेव्हाच भरतात. सकाळी सहाला बोलावतात ते बरोबर, पण साडेनऊ वाजले तरी सोडत नाहीत, तोवर मातीसुद्धा तापलेली असते. पाणी न पिण्याची सवय शरीराला लागत नाही हो. पाणी कमी पडलं की घाम कमी येतो, घाम कमी आला की अंगातली उष्णता बाहेर पडत नाही आणि आतलं तापमान चढत जातं. पोरगं चिडचिड करायला लागलं, अडखळलं, काहीतरी असंबद्ध बोलायला लागलं तर ते नाटक नाही, उष्माघाताची ती खूण आहे, तेव्हा आधी सावलीत घेऊन अंगावर भरपूर गार पाणी ओतायचं, बर्फ असेल तर काखेत, मानेला लावायचा, दुसऱ्या माणसानं गाडी बोलवायची, पण गाडीची वाट बघत नुसतं बसायचं नाही. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

शिक्षा म्हणून दोनशे-तीनशे उठाबशा हाही तसलाच प्रकार. सवय नसताना एकदम एवढं करायला लावलं की मांडीचे स्नायू अक्षरशः तुटतात, त्यातला कचरा रक्तात उतरतो आणि किडनीवर येतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लघवी चहासारखी गडद झाली, पाय सुजले, तर मलम चोळत न बसता सरळ दवाखाना गाठा.

आणि तालमीतलं वजन उतरवणं. मोहोळ, अकलूज, करमाळा, आपला सगळा जिल्हा कुस्तीवेडा, त्याचा अभिमानच आहे मला. पण वजनगटात बसावं म्हणून पोराला दोन दिवस पाणी तोडायचं, जाड कपडे घालून पळवायचं, हे कुठलंही शास्त्र नाही. अमेरिकेत १९९७ च्या शेवटी महिन्याभरात कॉलेजचे तीन पैलवान असंच वजन उतरवताना मेले, त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत रबरी सूट आणि गरम खोल्यांवर बंदी आली. ती तर एकोणीस ते बावीस वर्षांची पोरं होती, आपण चौदा वर्षांच्या पोरांना हे करायला लावतो.

‘सोडावं आणि मागं वळून बघू नये’

यातलं अर्धं मला पटतं आणि ते आधी सांगतो. ओळीबाहेर उभं राहून ओरडणारे आपण पालक हा सुद्धा पोरांना त्रासच आहे. मागं एका चौदा वर्षांखालच्या मॅचला पाटीवर बसलेली एक पोरगी खो मिळायच्या आधीच उठली, फाऊल गेला, तर तिचे वडील बाहेरून ‘ए म्हशी, झोपलीस का बे’ म्हणून ओरडले. सगळ्या ग्राउंडनं ऐकलं. त्यानंतर ती पोरगी प्रत्येक खोला आधी वडिलांकडं बघायची आणि मग उठायची, म्हणजे उशीरच. पंचाला शिव्या घालणारे, समोरच्या टीमच्या पोरांची जात नि रंग काढणारे, हरल्यावर गाडीत घरापर्यंत पोराला झापत नेणारे, हे सगळे आपल्यातलेच आहेत. कोचनं अशा पालकाला बाहेर काढलं तर मी कोचच्या बाजूनं उभा राहीन.

पण कोचिंगमध्ये लुडबुड करू नका आणि बघूच नका, यात फरक आहे. सराव कुणालाही दिसेल असाच असला पाहिजे, मग ते पार्क मैदान असो, कुमठा नाक्याचं क्रीडा संकुल असो की शाळेचा हॉल. जो कोच म्हणतो की पालकांना आत यायलाच बंदी, तिथं मी तरी पोर ठेवणार नाही. नुसतं बघणंही पुरत नाही. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स टीमचा डॉक्टर लॅरी नासर, त्याला लैंगिक अत्याचाराबद्दल २०१८ मध्ये ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली, दीडशेच्या वर बायका-पोरी कोर्टात त्याच्यासमोर बोलल्या. त्यातल्या काहींवर अत्याचार होताना आई त्याच खोलीत बसलेली होती. पोरींनी आधी सांगितलं होतं, मोठ्यांनी ‘डॉक्टर आहेत, उपचार करायलेत’ म्हणून उडवून लावलं. म्हणून पोरगं ‘मला त्या सरांकडं जायचं नाही’ म्हणालं की आधी आळशी ठरवू नका, शांतपणे ऐकून घ्या.

‘हात लावला की केस, मग शिकवायचं कसं’

चांगल्या कोचला हे खरंच टेन्शन आहे, मला माहितेय. मल्लखांबावर पोराला धरावं लागतं, कुस्तीत डाव अंगाला हात लावूनच दाखवावा लागतो. त्यात काही गैर नाही. चार लोकांसमोर, आधी सांगून, ‘आता कंबरेला धरतोय, वर उलटताना सांभाळायला’, एवढं बोललं की पोरालाही कळतं कशासाठी धरलंय, आणि ते नको म्हणालं तर थांबायचं. बंद खोलीत एकट्या पोराला मसाज, रात्री अकराला पर्सनल मेसेज, ‘घरी सांगू नकोस’ म्हणून दिलेली भेट, मॅचला जाताना एकट्या पोरीला गाडीवर मागं बसवून नेणं, ह्यातलं काय खेळ शिकवायला लागतं? मेसेज ग्रुपवर टाका, ग्रुपमध्ये पालक ठेवा. बाहेरगावी मुक्काम असेल तर कोचची खोली वेगळी आणि पोरींबरोबर एक बाई हवीच. भारतीय क्रीडा प्राधिकरणानंही २०२२ मध्ये सांगितलंय की महिला खेळाडू दौऱ्यावर असतील तर सोबत महिला कोच पाहिजे. ह्या नियमांनी चांगल्या कोचवरचा संशयच मिटतो.

खोट्या केसची भीती घालणाऱ्यांनी पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा, पूर्ण वाचावा. मुद्दाम खोटी तक्रार करणाऱ्या मोठ्या माणसाला कलम २२ मध्ये शिक्षा आहे, आणि चांगल्या हेतूनं कळवणाऱ्याला कलम १९ मध्येच संरक्षण आहे.

‘पोरींचं ठीक आहे, पोरांना काय होतंय’

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा २००७ चा अभ्यास आहे, १३ राज्यं, त्यात महाराष्ट्रही होता. निम्म्याहून जास्त मुलांनी कुठला ना कुठला लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं, आणि सांगणाऱ्यांत पोरं पोरींपेक्षा थोडी जास्तच होती. पोक्सो पोरगा-पोरगी भेद करत नाही, १८ च्या आतलं प्रत्येक जण त्यात येतं. हॉस्टेलवर, तालमीत सिनियर पोरं लहानग्यांना अंग चेपायला लावतात, कपडे काढून व्हिडिओ काढतात, त्याला ‘मस्करी’ म्हणणं आता बंद करा.

‘क्लबमध्येच मिटवा’

हे सगळ्यात घातक, आणि हे बेकायदाही आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं माहीत असून पोलिसांना कळवलं नाही तर पोक्सोच्या कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थेचा प्रमुख असून हाताखालच्या माणसाचं लपवलं तर एक वर्षापर्यंत. बैठक घेऊन माफीनामा लिहून घेणं म्हणजे मिटवणं होत नाही, तो कोच पुढच्या गावात नवीन शिबिर सुरू करतो. मुलाचं नाव मात्र ग्रुपवर टाकू नका, तेही गुन्ह्यात जातं. १०९८ हा मुलांसाठीचा नंबर फुकट आणि २४ तास चालू असतो, पोलिसांचा ११२.

पोरं गप का बसतात हेही समजून घ्या. सिलेक्शन सरांच्या हातात, दहावीचे वाढीव गुण सर्टिफिकेटवर, पुढं सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण त्याच सर्टिफिकेटवर. गरीब घरातल्या पोराला तो कागद म्हणजे सगळं आयुष्य वाटतं, ते तोंड कसं उघडेल? म्हणून शिबिराचा फॉर्म भरतानाच विचारा की तक्रार करायची तर कुणाकडं, त्या माणसाचं नाव-नंबर भिंतीवर लावलाय का, आणि तो कोचचा नातेवाईक किंवा सिलेक्शन कमिटीतला तर नाही ना. शाळेच्या टीमला तर सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षेसाठी शाळेत नेमायची समिती) आणि तक्रार पेटी असायलाच पाहिजे, ती पेटी शेवटची कधी उघडली तेही विचारा.