वेदनाशामकांचे व्यसन आणि एकट्या खेळाडूवरचा दोष

कोल्हापुरातल्या कुस्तीशौकिनांमध्ये सध्या एक मजकूर फिरतो आहे: ‘वेदनाशामक गोळी खेळाडूच्या तोंडात कोणी कोंबत नाही, शिस्तीच्या माणसाला व्यसन लागत नाही आणि लागलेच तर दोष सर्वस्वी त्याचा.’ यातले एकही विधान मला मान्य नाही.

गोळी कोंबत नाहीत, पण हातावर ठेवतात. अमेरिकेतील बेसबॉलपटू टायलर स्कॅग्ज २०१९ मध्ये हॉटेलच्या खोलीत मरण पावले. जीवघेण्या गोळ्या पुरवल्याबद्दल त्यांच्याच संघाच्या जनसंपर्क अधिकाऱ्याला २०२२ मध्ये २२ वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडे जत्रांच्या हंगामात इनामावर खुराक चालतो आणि ठरलेली कुस्ती सोडली तर पुढच्या मैदानाला बोलावणे येईल याची खात्री नसते. अशाच एका मैदानाबाहेर मी पाहिले, की विशीतल्या एका पैलवानाने सुजलेल्या गुडघ्यावरचा हळदीचा लेप पुसला, सोबत्याने दिलेल्या दोन गोळ्या कशाच्या हेही न विचारता गिळल्या आणि तो लंगोट कसू लागला.

शिस्तीचे म्हणाल, तर दुखणे बोलून दाखवायचे नाही हीच तालमीतली पहिली शिस्त, आणि घात तिथेच होतो. ट्रामाडॉल हे वेदनाशामक अफूच्या जातकुळीतले औषध आहे; शरीर त्याला सरावले की तेवढ्याच मात्रेने भागत नाही, आणि ते एकदम थांबवले तर घाम सुटतो, झोप उडते, अंग ठणकते. हा ठणका जुन्या दुखापतीचाच आहे असे समजून पैलवान पुन्हा गोळी घेतो. अमेरिकी फुटबॉलच्या ६४४ निवृत्त खेळाडूंच्या २०११ मधील अभ्यासात निम्म्याहून अधिक जणांनी कारकिर्दीत अशी औषधे घेतल्याचे आणि त्यांतील सुमारे ७१ टक्क्यांनी त्यांचा गैरवापर केल्याचे आढळले. इतके सगळे व्यावसायिक खेळाडू बेशिस्त होते, हे मला पटत नाही.

उरला दोष. चिठ्ठीशिवाय गोळ्या मिळवणे आणि वस्तादांपासून ते लपवणे याची जबाबदारी खेळाडूचीच आहे, हे मी नाकारत नाही. १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धाकाळात ट्रामाडॉलवर बंदी आहे आणि अंगात काय सापडले याचा जाब खेळाडूलाच द्यावा लागतो. स्पर्धेपुरता तो नियम रास्तही आहे. परंतु पदक काढून घेण्याचा तो निकष आजारी माणसाला लावला, तर गोळी देणारा, दुखऱ्या पायाने त्याला उतरवणारा आणि इनाम वाढवून सांगणारा असे सगळेच सुटतात. त्या मैदानाबाहेर गोळीचे नाव ठाऊक असलेला एकच जण होता, आणि तो पैलवान नव्हता.